खोडलेला प्रश्न

शाळा उघडून चार दिवस झाले होते, तेव्हा मारिसेल एन्सीनासने मुख्याध्यापिका निल्दाबाईंच्या टेबलावर एक अर्ज ठेवला आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

अर्जात भानगडीचं असं काही नव्हतं. इंग्रजांशी झालेल्या मालविनास बेटांच्या लढाईला त्या वर्षी तीस वर्षं होत होती. दरवर्षी दोन एप्रिलला पुएर्तो आरासा गावाच्या चौकात झेंडा चढायचा, गावातले माजी सैनिक छातीवर पदकं लावून रांगेत उभे राहायचे आणि मारिसेलचे वडील ओव्हिदियो भाषण करायचे. भाषण ठरलेलं. थंडी होती, वारा होता, शेवटचं बिस्किट सहा जणांनी वाटून खाल्लं, कुणी पाऊल मागे घेतलं नाही. पोरं उन्हात उभी राहून चुळबुळ करायची, एखादी मुलगी भोवळ येऊन पडायची, की झालं, सगळे घरी. मारिसेल शाळेच्या शेवटच्या वर्गाला इतिहास शिकवायची. ही लढाई पोरांच्या एका कानातून आत जाते आणि दुसऱ्यातून बाहेर, हे तिला दिसत होतं. म्हणून तिने ठरवलं, यंदा एकेका माजी सैनिकाला दर गुरुवारी वर्गातच बोलवायचं. भाषण नाही. पोरांनी विचारायचं, त्यांनी सांगायचं.

"चांगलं आहे," निल्दाबाई म्हणाल्या. "पण जपून हं. म्हातारी माणसं, काही बोलून बसतात. मग आईबाप माझ्या दारात."

"म्हातारी कुठली? पन्नाशीची तर आहेत, बाई."

"मी पण पन्नाशीची आहे. म्हणून तर सांगते."

नगरपालिकेतून पोरांनी माजी सैनिकांची यादी आणली. गावात सहा जण आहेत असं सगळे धरून चालायचे. यादीत सात निघाले. सातवं नाव होतं क्रिस्पीन मायदाना.

वर्गात एकच गलका झाला. "हा तर धक्क्यावर नावांच्या मोटरी दुरुस्त करणारा!" "तो लंगडा?" "त्याची पायाची बोटं नावेच्या पंख्यात सापडून गेली ना?" "तो कधी गेला लढाईला? आमच्या मामाच्या मोटरीला दोन महिने लावले त्याने, असा कूर्मगतीचा माणूस!"

मागच्या बाकावरून जास्मीन उठली. वर्गातली सगळ्यात तिखट मुलगी. गप्प बसायला सांगितलं तर कारण विचारणारी. "बाई, जो कधीच चौकात येत नाही त्यालाच आधी बोलवा. बाकीच्यांचं आम्हाला पाठ आहे."

पोरं हसली. बाकीच्यांमध्ये आपल्या बाईंचे वडीलही येतात हे नंतर जास्मीनच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. मारिसेलही हसली. तिला वाटलं, बरोबर बोलतेय पोरगी.

त्या संध्याकाळी अंगणात वडील तेरेरेचा थंडगार पेला घेऊन बसले होते. बर्फाचं पाणी, त्यात लिंबाची पानं, मांडीवर रेडिओ, त्यावर फुटबॉलचा सामना. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. मारिसेलने यादी दाखवली. वडिलांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि सातव्या नावाशी त्यांचं बोट थांबलं.

"याला कशाला?"

"का? गेला होता ना तुमच्याबरोबर?"

"गेला होता. बोलत नाही तो कुणाशी."

"विचारून तर बघते."

वडील उठले, रेडिओ बंद केला. "तुझी मर्जी," म्हणाले आणि आत गेले. पेल्यातला बर्फ विरघळेपर्यंत मारिसेल तिथेच बसून राहिली. वडिलांना राग आला की बरं नव्हतं, तिला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रेडिओवरचा सामना अर्धवट सोडला होता.

क्रिस्पीन मायदानाची पत्र्याची शेड नदीच्या धक्क्याला लागून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मारिसेल तिथे पोचली, तेव्हा तो एका मोटरीचं पोट उघडून तिच्यासमोर पाटावर बसला होता. किडकिडीत माणूस, कोपरापर्यंत काळा झालेला. मारिसेलने आपलं काम सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. एकेक स्क्रू फडक्याने पुसून डब्यात टाकत होता.

शेवटी म्हणाला, "तुम्ही ओव्हिदियोची मुलगी."

"हो."

"त्याने पाठवलं?"

"नाही. मीच आले."

"त्याला ठाऊक आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"आहे."

"काय म्हणाला?"

"तुझी मर्जी, म्हणाले."

क्रिस्पीन नाकातून हसला. "हुशार आहे. पहिल्यापासून हुशार." मग पुढचा स्क्रू पुसायला घेतला. डास चावत होते, मारिसेल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "तीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, बाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं असंही नाही. पण आता तुम्ही विचारलंत. येतो मी. फक्त जे झालं तेच सांगेन. बिस्किटाची गोष्ट मला येत नाही."

"जे झालं तेच हवंय आम्हाला."

"असं म्हणतात लोक." त्याने डाव्या पायातली चप्पल काढली. तीन बोटं नव्हती. "गाव म्हणतं पंख्यात गेली. म्हणू दे, म्हटलं. आम्ही एकोणीस वर्षांची पोरं, सक्तीने उचलून नेलेली. कपडे इथल्या गरम हवेचे, खंदकात गुडघाभर पाणी, खायला दिवसातून एकदा गढूळ सूप, तेही आलं तर. एकदा मी नि अजून एक पोरगा गेलो आणि एक मेंढी मारून आणली. सब-लेफ्टनंटने पकडलं. मेंढीसाठी शिक्षा काय? जमिनीत चार खुंट्या, हातपाय ताणून त्यांना बांधायचं, उघड्यावर. पाऊस पडत होता. संध्याकाळपासून सकाळपर्यंत. सकाळी सोडलं तेव्हा पाय माझा नव्हता."

असं घडलं होतं हे मारिसेलने वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि तो पाय समोर असणं वेगळं.

"हे सांगू ना पोरांना?" त्याने विचारलं.

"सांगा."

"बघा हं. सब-लेफ्टनंट हुकूम सोडतो, गाठी दुसरा कुणी मारतो." त्याने चप्पल घातली आणि पुन्हा मोटरीकडे वळला. "तो कोण, ते घरी विचारा. मग मला निरोप द्या, येऊ की नको."

परत येताना मारिसेलला रस्ता दिसत नव्हता. वाटेत दोन बायकांनी हाक मारली, तिने ओ दिली की नाही हेही तिला आठवेना. घरी वडील टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. हातात सुतळी होती. ती फाटकाशीच थांबली.

"पापा, मायदानाला कुणी बांधलं होतं?"

वडिलांनी मान वर केली नाही. हातातली गाठ पुरी केली, सुतळी दाताने तोडली. एवढ्याशा कामाला त्यांना केवढा तरी वेळ लागला.

"हुकूम होता," ते म्हणाले. बस, इतकंच. हात न धुताच खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे सहा दिवस त्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. वडील वेळेवर जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे, खोलीत जायचे. मारिसेल वर्गात फळ्यावर लिहायची आणि खडू मध्येच थांबायचा. हाच माणूस तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवायचा. आईच्या आजारपणात याच हातांनी त्यांनी आईची वेणी घातली होती. ते हात दुसऱ्या कुणाच्या मनगटावर दोर आवळताना कसे दिसत असतील, हेच तिच्या मनात येत राहायचं. अंगठ्याची कातडी सोलून सोलून तिने रक्त काढलं होतं.

तिने क्रिस्पीनला निरोप पाठवला नव्हता. या म्हणूनही नाही, येऊ नका म्हणूनही नाही.

सोमवारी निल्दाबाईंनी बोलावून घेतलं. "मायदाना येतोय म्हणे. माजी सैनिक संघातून मला विचारणा झाली. तो काय बोलणार आहे, ते आधी लिहून दे म्हणतात."

"त्याला लिहायला कोण लावणार, बाई?"

"मग पुढे ढकल. नळाला पाणी नाही, म्हणून गुरुवारी शाळा लवकर सोडली असं सांगू. तसं महिन्यातून दोनदा होतंच." निल्दाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मारिसेल, तुझा चेहरा बघितलास का आरशात? काय आहे ते मला सांगू नकोस. पण मार्ग आहे, एवढं लक्षात ठेव."

मार्ग होता. मारिसेलने तो जवळजवळ धरलाच. पण मंगळवारी मधल्या सुट्टीत तिला जिन्यात कुणीतरी दिसलं. क्रिस्पीन मायदाना एकेक पायरी चढत होता, कठड्याला धरून. कोपरापर्यंत हात घासून घासून लाल केलेले.

"निरोप आला नाही, म्हणून चौकशीला आलो," तो म्हणाला. "वर्ग वर आहे म्हणाला शिपाई. म्हटलं, आधी चढून बघावं. पोरांसमोर पडायला नको."

"वर्ग खाली घेऊ," मारिसेल म्हणाली. आणि म्हणून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आता नाही म्हणायची सोय उरली नाही.

बुधवारी पोरांनी प्रश्न लिहून आणले. अकरा होते. बूट कसले होते, पत्रं मिळायची का, इंग्रज जवळून बघितला का. अकरावा जास्मीनचा होता. लढाईत तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली?

साधा प्रश्न. कुणाही पोराने विचारावा असा. मारिसेलने तो तीनदा वाचला आणि लाल पेनाने आडवी रेघ मारली.

"बाई, माझाच का खोडला?"

"वेळ पुरणार नाही."

"दहा प्रश्नांना पुरतो, अकराव्यालाच नाही?"

"जास्मीन, बस खाली."

ती बसली, पण बाईंकडे अशी बघत राहिली की मारिसेलने हजेरीपटात डोकं घातलं.

गुरुवारी क्रिस्पीन इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्ची दिली तर बसला नाही, टेबलाला टेकून उभा राहिला. सुरुवातीला त्याचा आवाज निघेना. मग बुटांचा प्रश्न आला आणि तो सुरू झाला. बूट पहिल्याच आठवड्यात कुजले. पत्रं यायची, पण शाई पसरलेली. आईचं पत्र त्याने न वाचताच छातीशी ठेवलं होतं. इंग्रज त्याने जवळून पाहिला ते स्वतः शरण गेल्यावर. त्याने चॉकलेट दिलं आणि याला रडू कोसळलं. पोरं पापणी न हलवता ऐकत होती. मारिसेल खिडकीशी उभी होती. तिचं अर्धं लक्ष बाहेरच्या फाटकाकडे होतं. त्या दिवशी सकाळी वडिलांनी पदकांचं जाकीट बाहेर काढून पलंगावर ठेवलेलं तिने पाहिलं होतं.

दहा प्रश्न झाले. जास्मीनने हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता उभी राहिली.

"तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटली?"

मारिसेल खिडकीपासून एक पाऊल पुढे आली. क्रिस्पीनने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तोफगोळे समुद्रावरून यायचे तेव्हा सगळ्यांची चड्डी ओली व्हायची," तो म्हणाला. एक दोघं हसली. "पण कुणाची, म्हणालीस तर आमच्याच सब-लेफ्टनंटची." आणि त्याने मेंढीची गोष्ट सांगितली. शेडमध्ये सांगितली होती तशीच, आवाज न चढवता. खुंट्यांपाशी आला तेव्हा हात पसरून दाखवले. बोटांचं सांगितलं.

"त्याने स्वतः बांधलं?" जास्मीनने विचारलं.

"नाही. साहेब लोक स्वतः गाठी मारत नाहीत."

"मग कुणी?"

क्रिस्पीनने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "तो आहे अजून. त्याला लेकरंबाळं आहेत. नाव नाही घेणार मी."

"पण बाई," जास्मीन मारिसेलकडे वळली, "नावाशिवायचा इतिहास म्हणजे गावगप्पा, असं तुम्हीच सांगता ना?"

तीस डोकी मारिसेलकडे वळली. तिचे ओठ हलले. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता आणि तो तिच्या घशापर्यंत आलाही होता.

"तास संपला," ती म्हणाली.

घंटेला अकरा मिनिटं होती. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. पोरं दप्तरं आवरू लागली. जास्मीनने तेवढं घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

दारात क्रिस्पीन थांबला. "पाणी प्या, बाई. पांढऱ्या पडलात. आणि एक सांगतो, तुमच्यासाठी गप्प नाही बसलो मी. पोरांसमोर ते नाव तोंडातून काढायला माझीच जीभ उचलेना."

ती घरी आली. वडील स्वयंपाकघरात बसले होते. अंगात जाकीट, छातीवर पदकं, कपाळावरून घाम ओघळत होता.

"कोपऱ्यापर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "फाटक दिसत होतं. मागे फिरलो." मग विचारलं, "नाव घेतलं त्याने?"

"नाही."

तिला वाटलं, आता त्यांच्या जिवात जीव येईल. पण त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "घ्यायला हवं होतं! आठवडाभर तयारी करतोय मी, तो नाव घेईल म्हणून. तीस वर्षं माझं ओझं त्याने वाहिलं आणि आज पुन्हा तोच? आता मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार, पापा. मला सांगता यायचं नाही. मी तर आज घंटेआधीच वर्ग सोडला."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. "पुढच्या गुरुवारी कोण आहे यादीत?"

"तुम्ही."

आधीचा आठवडा परवडला असं तिला वाटायला लागलं, इतका हा आठवडा वाईट गेला. वडील काय बोलणार ते विचारायची तिची छाती होईना, आणि ते बोलले नाहीत तर आपण काय करायचं हेही सुचेना. रात्री ते खोलीत पुटपुटत असत. एकदा तिने दाराला कान लावला. थंडी होती, वारा होता, एवढं ऐकू आलं. तेच जुनं भाषण.

आणि गुरुवारी वर्गात ते तेच बोलू लागले. जाकीट घालून, ताठ उभे राहून. थंडी होती, वारा होता, आम्ही सहा जण. मारिसेल भिंतीला पाठ लावून उभी होती. शेवटचं एक बिस्किट उरलं होतं, वडील म्हणाले.

"ते ठाऊक आहे, ओव्हिदियोकाका," जास्मीन म्हणाली. उद्धटपणे नाही, जवळजवळ मायेने. "दरवर्षी सांगता."

वडील थांबले. तोंड उघडंच राहिलं. पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. कुणीतरी खाकरलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मारिसेलने नजर खाली केली नाही.

"मायदानाला मी बांधलं," ते म्हणाले.

वर्गातून एक चमत्कारिक आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास ओढल्यासारखा.

"मी कॉर्पोरल होतो. एकवीस वर्षांचा. तो आणि मी एकाच गल्लीतले, एकाच आगगाडीने गेलो. त्याच्या आईने निघताना माझ्या हातात चिपाची, चीजच्या छोट्या पावांची, पिशवी दिली होती, दोघांनी खा म्हणून. सब-लेफ्टनंट म्हणाला, बांध. मी बांधला. घट्ट बांध, म्हणाला. घट्ट बांधला."

"नाही म्हटलं असतं तर?" जास्मीनचा आवाज बारीक झाला होता.

"तर मलाही बांधलं असतं. किंवा नसतं. मला ठाऊक नाही, कारण मी म्हणून बघितलंच नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "काही जण सांगतात, रात्री गुपचूप जाऊन आम्ही दोर सैल केले, पांघरूण टाकलं. असतील केले. मी नाही केलं. मी खंदकात जाऊन पडलो आणि मला झोप लागली. चांगली गाढ झोप लागली. तो वीस पावलांवर होता."

एक मुलगी रडत होती. मागे एक मुलगा घाबरून हसला आणि मग त्याने स्वतःच तोंड दाबून धरलं. मारिसेलने पाण्याचा पेला वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो न पिताच टेबलावर ठेवला.

या वेळी तिने घंटा होईपर्यंत वर्ग सोडला नाही. उरलेली वीस मिनिटं पोरांनी विचारलं आणि वडिलांनी सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत.

दुपारची झोप व्हायच्या आत गावभर झालं. संघाचे दोघे फाटकाशी आले, आत न येताच ओरडले, "घरची धुणी चौकात धुतलीस, ओव्हिदियो! सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलंस!" निल्दाबाईंच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत चार पत्रं आली, तीन शिव्यांची आणि एक आभाराचं. "चारही फायलीत लावते," निल्दाबाई म्हणाल्या. "गुरुवार चालू ठेव. नळाचं पाणी आता कुणाला पटणार आहे?"

मारिसेलचा जीव मात्र धक्क्याकडे लागला होता. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली, तेव्हा क्रिस्पीन उभ्यानेच कडाडला.

"कुणी सांगितलं होतं त्याला? सकाळपासून बारा माणसं येऊन गेली! ती बेकरीवाली तर रडायलाच लागली. म्हणते, आता मिठी मारा हो एकमेकांना, मरायच्या आधी. मी कुठे मरायला टेकलोय? मला नाही मारायची मिठी!"

"नका मारू."

"माफबीफ काही केलेलं नाही मी."

"कुणी मागितलं नाही. त्यांनीही नाही."

"तू पाठवलंस त्याला?" रागाच्या भरात तो बाई म्हणायचं विसरला.

"नाही. मला तर वाटलं, बिस्किटावरच थांबतील."

त्याचा श्वास हळूहळू खाली आला. तो पाटावर बसला, पाना उचलला, पुन्हा ठेवला. "रात्री दोर सैल केला नाही, असं म्हणाला? पोरांसमोर?"

"हो. झोप लागली, म्हणाले."

क्रिस्पीनने पाना परत हातात घेतला. "खरं आहे ते," तो म्हणाला. "मला वाटायचं, कधी बोललाच तर म्हणेल, मी रात्री येऊन सैल केला. सगळे तसंच म्हणतात. त्याला तिथल्या तिथे खोटं पाडायचं, म्हणून मी तीस वर्षं वाक्य तयार ठेवलं होतं." त्याने मान हलवली. "आता त्या वाक्याचं काय करू?"

मारिसेलने स्क्रूचा डबा त्याच्याजवळ सरकवला. ती तिथे बराच वेळ बसली आणि तो मोटर जोडत राहिला.

दोन एप्रिलला चौकात गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट होती. भाषण दुसऱ्याच कुणी तरी केलं, कागदावरून, लवकर आटपलं. ओव्हिदियो रांगेत उजव्या टोकाला उभे होते. शेजारच्याने मध्ये हातभर जागा सोडली होती. झेंडा चढायला सुरुवात झाली तेव्हा गर्दी हलली आणि क्रिस्पीन मायदाना लंगडत पुढे आला. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट, पदक नाही. तो रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. सगळा चौक डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बघत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. झेंडा वर गेला, बिगूल वाजला, रांग मोडली. कुणी कुणाला मिठी मारली नाही. बेकरीवालीने रुमाल पिशवीत टाकला आणि चडफडत निघून गेली.

क्रिस्पीन मारिसेलपाशी आला. "ती तिखट पोरगी मघाशी भेटली. विचारत होती, लढाईवरून परत आल्यावर काय झालं. त्याबद्दल तर कुणीच काही सांगत नाही, म्हणते." त्याने मान खाजवली. "बाई, अजून एक गुरुवार मिळेल का?"

"दोन घ्या."

"एक पुरे. मोटरी पडल्यात."

वडील एव्हाना निम्म्या रस्त्यात पोचले होते. एकटेच, भरभर चालत होते. मारिसेल धावली आणि त्यांना गाठलं.

"काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा वर्गात येतोय."

"माझ्याविषयी?"

"नाही. स्वतःविषयी."

वडिलांनी मान डोलावली. जाकिटाचं वरचं बटण त्यांनी उघडलं आणि चाल जरा कमी केली.